सकायी ठेवू कुठी? : नागपुरातले काही दिवस

२६ डिसेंबर

आमच्या नगरच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ दरवर्षी डिसेंबरात दहा रात्री घरोघरी नाताळची गाणी गात फिरतो. जमलेले पैसे बहुतेक वेळा संडे स्कूलच्या खाऊला आणि चर्चच्या रंगकामाला जातात. यंदा बैठकीत ठरलं की हे पैसे घेऊन नागपूरला जायचं आणि रस्त्यावर झोपणाऱ्या माणसांसाठी खर्च करायचे. नागपूरच का, तर तिथल्या एका मंडळीतल्या ताई उन्हाळी शिबिराला आमच्याकडे आल्या होत्या. त्या बारा वर्षं हे काम करतात. जाताना म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्यातलं नागपूर सगळ्यांना माहीत असतं. एकदा डिसेंबरच्या रात्री या."

एकूण ६१,४०० रुपये जमले. हिशोबाची वही माझ्याकडे आहे, म्हणून आकडे पक्के सांगते. तिकिटाचा खर्च ज्याचा त्याने केला. आम्ही अकरा जण आणि पाळक साहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू. सहा मुली, पाच मुलं, सगळ्यात लहान अकरावीत.

निघण्याआधी साहेबांनी तीन गोष्टी वहीत लिहून घ्यायला लावल्या. एक, कुणाचाही फोटो काढायचा नाही. दोन, झोपलेल्या माणसाला हात लावून उठवायचं नाही. पायथ्याशी बसून हळू हाक मारायची, कारण रस्त्यावर अंगाला लागणारा हात बहुधा चोराचा असतो किंवा काठीवाल्याचा. तीन, कुणी विचारलं तर आपण कोण ते खरं सांगायचं, पण पोळीबरोबर धर्माचं पत्रक द्यायचं नाही. तिसऱ्या गोष्टीवर आमच्यात बरीच चर्चा झाली. सुवार्ता सांगायला लाजायचं का, असं एकाने विचारलं. साहेब म्हणाले, "लाजायचं नाही. पण भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथे त्याच्या होकाराला काय किंमत?" मला ते पटलं आणि आजही पटतं.

महाराष्ट्र एक्सप्रेस नगरला मध्यरात्र उलटल्यावर येते. प्लॅटफॉर्मवर ब्लँकेटच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही वाट पाहिली.

२७ डिसेंबर

जवळजवळ सगळा दिवस गाडीतच गेला. भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा. डब्यात घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि नाताळच्या उरलेल्या करंज्या.

ही गाडी पुढे गोंदियाला जाते. तिथून रूळ राजनांदगावकडे जातात आणि त्या रुळांशी आमच्या नगरच्या ख्रिस्ती माणसांचं नातं आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं झालं आणि उतरताना त्यांनी टिळकांना नवा करार वाचायला दिला. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे रेव्हरंड टिळक आमच्या नगरला राहिले. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट वर्धा सोडल्यावर पाळक साहेबांनी पुन्हा सांगितली. खिडकीबाहेर तुरीची शेतं पिवळी दिसत होती.

नागपूरला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. ताई संत्रा मार्केटच्या बाजूच्या गेटवर उभ्या होत्या, बरोबर त्यांच्या मंडळीतली चार पोरं आणि एक छोटा टेम्पो. "आले का बाप्पा सगळे? चला, आधी चहा घ्या." चर्चच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. सामान टाकलं, वरणभात जेवलो आणि रात्री साडेदहाला टेम्पोत बसलो.

नागपूरची थंडी कोरडी असते. आधी कळत नाही, मग एकदम गुडघ्यात शिरते. २९ डिसेंबर २०१८ ला या शहरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. ताईंना ती रात्र अजून आठवते. त्या रात्री त्यांनी टेकडी गणपतीपासून लोहापुलापर्यंत पायी चक्कर मारली होती. आम्ही गेलो त्या रात्री नऊ-दहा अंश असावेत. तरी माझ्या हातमोज्यांतली बोटं वाकत नव्हती.

सीताबर्डीत दिवसा पाय ठेवायला जागा नसते. रात्री अकराला शटर खाली आली की त्यांच्या पुढ्यातल्या फरशीवर दुसरं गाव वसतं. मेट्रोच्या खांबांखाली, एटीएमच्या पायऱ्यांवर, बंद टपरीच्या फळीखाली माणसं झोपली होती. काही हातगाडीवरच. बालाघाट आणि शिवनीकडचे मजूर एका ओळीत, चपला डोक्याखाली घेऊन. सकाळी ठिय्यावर, म्हणजे मजूर कामाची वाट बघतात त्या नाक्यावर, उभं राहायचं म्हणून ते लवकर झोपतात. थोड्या अंतरावर म्हातारी माणसं, एकेकटी. बायका उजेडाच्या जवळ झोपतात, हे मला ताईंनी दाखवल्यावर कळलं. ज्या खांबावर दिवा, त्या खांबाखाली बाई.

आम्ही पायथ्याशी बसून हाका मारत गेलो. "काका, ब्लँकेट आणलंय, घ्याल का?" काहींनी डोळे न उघडता हात पुढे केला. एकाने विचारलं, "कौन पार्टी से हो?" चर्चमधून आलोय म्हटल्यावर तो उठून बसला. "तो फिर धरम बदलना पडेगा क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया. थंडी है, इसलिए लाए." त्याने ब्लँकेट घेतलं, शेजारी झोपलेल्या पोरावर टाकलं आणि स्वतःसाठी दुसरं मागितलं.

एका बंद कापडदुकानाच्या पायरीवर एक आजी जाग्याच होत्या. सत्तरीच्या असाव्यात. डोक्याखाली गाठोडं, त्यावर हात. मी ब्लँकेट उलगडून त्यांच्या पायांवर घातलं. त्यांनी बोटांनी कापड चाचपलं, कडेची शिवण ओढून पाहिली.

"चांगला हाय. जाड हाय," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "पण पोरी, सकायी ठेवू कुठी?"

मला प्रश्नच समजला नाही. मी म्हटलं, "आजी, तुमचंच आहे ते. तुमच्याजवळ ठेवा." त्यांनी मान हलवली आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

पहाटे दोनला आम्ही परतलो. १२० ब्लँकेटं संपली होती. २१० रुपयांना एक, म्हणजे २५,२०० रुपये. वहीत लिहिताना मन भरून आलं होतं. हॉलमध्ये गोल करून प्रार्थना केली, दोघी-तिघी रडल्या.

२८ डिसेंबर, रविवार

साडेपाचला ताईंनी दार वाजवलं. "रात्री दिलं ना? आता सकाळ पाहून घ्या."

त्या सकाळपासून आमची सगळी सहल बदलली, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

सहाच्या आत सीताबर्डीत पोचलो. अंधार होता, पण झाडूवाल्या बायका कामाला लागल्या होत्या आणि रात्रीचं गाव उठत होतं. उठणं म्हणजे आळस देणं नव्हे. दुकानाचा नोकर येऊन पायरीवर पाणी मारण्याआधी तिथे कुणी झोपलं होतं याची खूणही राहता कामा नये. माणसं भराभर गुंडाळत होती. आणि आमची निळी-चॉकलेटी ब्लँकेटं कुठे कुठे जात होती ते मी पाहत उभी राहिले. एकाने वडाच्या दुबेळक्यात कोंबलं. एकाने डीपीच्या पेटीमागे सरकवलं, जिथे लाल कवटीचं चित्र असतं. दोघांनी नालीवरची फरशी उचलून आत पोतं घातलं. एक बाई चहाच्या टपरीवाल्याला विनवत होती, "भाऊ, संध्याकाळपर्यंत ठेव ना." टपरीवाला वाईट माणूस नव्हता. त्याने आधीच तिघांची बोचकी ठेवली होती आणि आता त्याला स्वतःलाच बसायला जागा उरली नव्हती.

अंगावर घेऊन दिवसभर फिरता येत नाही. ब्लँकेट काखेत असलेल्या माणसाला हॉटेलवाला भांडी घासायलासुद्धा घेत नाही. ठिय्यावर मुकादम बोचकंवाल्याला घेत नाही, कारण तो आज आहे, उद्या नाही. सोडून गेलं तर कचऱ्याची गाडी नेते. आम्ही उभे असतानाच गाडी आली. कोपऱ्यात घडी करून ठेवलेली दोन ब्लँकेटं गाडीवरच्या माणसाने उचलून आत टाकली. तो त्याचं काम करत होता. आमच्यातला एक मुलगा धावला, "दादा, नवीन आहेत ती!" तो माणूस थांबला, ब्लँकेटं परत काढली आणि विचारलं, "कोणाची आहेत?" मालक मजुरीला गेला होता. आता ती आमच्या हातात होती आणि आम्हालाही ठेवायला जागा नव्हती.

एका तरुणाने त्याचं ब्लँकेट पन्नास रुपयांना विकलं होतं. आमच्या काही जणांना राग आला. मला नाही आला. जे संध्याकाळपर्यंत टिकणार नाही ते सकाळीच पन्नासला विकलं तर त्याने व्यवहारच केला.

आजी त्यांच्या पायरीवर नव्हत्या. ताई म्हणाल्या, "दरवर्षी थंडीत या लोकांना ब्लँकेट मिळतात. क्लबवाले देतात, मंडळवाले देतात, आम्ही देतो. दरवर्षी हे लोक कुडकुडतात. मले हे समजायला चार वर्षं लागली."

दहाला उपासना. ख्रिस्तजन्मानंतरचा पहिला रविवार, वेदीपाशी गव्हाणी अजून मांडलेली. तिथल्या पाळकांनी धर्मशाळेत जागा न मिळालेल्या कुटुंबावर संदेश दिला. कोल्ह्यांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत, पण मला डोकं टेकायला ठिकाण नाही, असं येशू पुढे स्वतःबद्दल बोलला, तेही त्यांनी आठवून दिलं. हे शब्द मी शंभरदा ऐकले असतील. त्या सकाळी डीपीमागचं पोतं डोळ्यांसमोर होतं आणि मला गाणं पुढे म्हणता आलं नाही.

दुपारी ताईंनी गाडीतूनच शहर दाखवलं. झिरो माइलचा खांब आणि त्याचे चार घोडे, दीक्षाभूमीचा पांढरा घुमट, हिस्लॉप कॉलेज. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा काढल्या, भूगर्भाचा अभ्यास केला आणि १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. कॉलेज त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये निघालं.

संध्याकाळी खिचडी केली. ती वाटताना आणखी एक गोष्ट कळली. ज्या चौकात आम्ही पोचलो तिथे तासाभरात दुसऱ्या दोन गाड्या येऊन गेल्या, एक पुरीभाजीची, एक बिर्याणीची. नागपूर खाऊ घालणारं शहर आहे. मंदिरं, गुरुद्वारे, ताजबाग, दवाखान्यांसमोर डबे वाटणारी मंडळं, कितीतरी हात आहेत. चौकातले काका खिचडी घेताना म्हणाले, "पोट त भरते बाई. रविवारी तीनदा भरते, मंगळवारी एकदाही नाही."

२९ डिसेंबर

सोमवार बसस्टँडजवळ गेला. आमच्यातली एक मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नागपूरच्या मंडळीतल्या एक सिस्टर निवृत्त आहेत. दोघींनी झाडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची मांडून जखमा धुवायला सुरुवात केली. मी बादली आणि गॉज द्यायला होते.

तिसऱ्या नंबरला एक बाबा आले. उजव्या पायाला साडीचं फडकं गुंडाळलेलं. ते पाण्याने भिजवून भिजवून सोडवायलाच वीस मिनिटं गेली, कारण कापड जखमेत रुजलं होतं. आत टाचेच्या वर आठ आण्याएवढं भोक आणि भोकात हालचाल. वास आला तेव्हा मी मान वळवली. सिस्टरनी मला नावाने हाक मारली आणि म्हणाल्या, "बॅटरी धर." मी धरली. त्यांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला बोळा जखमेच्या तोंडाशी ठेवला आणि थांबल्या. वासाने अळ्या वर येतात, घाई केली तर आत शिरतात. थोड्या वेळाने पहिलं पांढरं टोक दिसलं. चिमट्याने एक, मग दुसरी. कागदी कपात टाकत गेल्या. मी मोजलं, तेवीस. बाबा आमच्याकडे नाही, समोर लागलेल्या यवतमाळच्या गाडीकडे बघत होते. झाल्यावर म्हणाले, "रात्री चावत होते. मले वाटे मुंग्या हायेत."

सलाईनने धुऊन, पट्टी बांधून त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेलं. केसपेपरच्या खिडकीवर पत्ता विचारला. बाबा म्हणाले, "लिहा, बसस्टँड." खिडकीतल्या बाईंनी पेन थांबवलं. संगणकात तो रकाना रिकामा सोडता येत नव्हता, रांगेतली माणसं ओरडायला लागली. शेवटी ताईंनी चर्चचा पत्ता दिला आणि काम पुढे गेलं. साखर तपासली, साडेतीनशेच्या वर निघाली. गोळ्या दिल्या, जेवणाआधीच्या वेगळ्या, नंतरच्या वेगळ्या, आणि एक दिवसाआड ड्रेसिंग. बाबांनी पुड्या हातात धरल्या, सदऱ्याला खिसा नव्हता. फाईल, गोळ्या, पावती. पायरी उतरताना त्यांनी ते सगळं माझ्याकडे दिलं, "तुमच्याजवळच राहू द्या."

मला लगेच आजींचा प्रश्न आठवला.

परतताना पुलाखाली एक बाई दिसल्या, केसांच्या जटा, अंगावर चार कपडे एकावर एक, स्वतःशी जोरात बोलत. आमच्या मुलांना वाटलं यांना लगेच मनोरुग्णालयात न्यावं. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे, सगळ्या विदर्भाला माहीत. ताईंनी थांबवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, कलम १०० मध्ये, भटकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासायला नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. तुम्ही-आम्ही हात धरून ओढत न्यायचं नाही. ताई आठ दिवसांपासून रोज त्यांच्या शेजारी चहा घेऊन बसतात, त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा कप हातात घेतला. पोलीस ठाण्यातल्या एका महिला हवालदाराशी ताईंचं बोलणं चालू होतं. एवढंच मला माहीत आहे, पुढचं आम्ही तिथे असेपर्यंत झालं नव्हतं.

रात्री हॉलमध्ये बैठक बसली. ठरल्याप्रमाणे मंगळवारी आणखी शंभर ब्लँकेटं घ्यायची होती, त्यासाठी २१,००० रुपये बाजूला काढले होते. मी म्हटलं, घेऊ नये. त्याऐवजी कुलपाचे खण घेऊ. कारखान्यात कामगारांना असतात तसे लोखंडी कपाटाचे खण, प्रत्येकाला एक, प्रत्येकाची किल्ली वेगळी.

बराच वाद झाला. दोघांचं म्हणणं होतं की लोकांनी ब्लँकेटसाठी पैसे दिलेत, आपण ते दुसरीकडे वळवले तर तो विश्वासघात. ते चूक नव्हतं. नगरला फोन केला. आमच्या वडीलमंडळातले एक काका आधी रागावले, "शंभर माणसं सोडून मोजक्या माणसांचं बघणार?" मी त्यांना सकाळची कचरागाडी सांगितली, बाबांच्या गोळ्या सांगितल्या. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वहीत स्पष्ट लिही. रविवारी मी मंडळीसमोर सांगतो." ज्यांनी वाद घातला त्यांनीच दुसऱ्या दिवशी कपाटं उचलली, हे नोंदवायला हवं.

३० डिसेंबर

बारा वर्षांच्या ओळखीतून ताईंना एक जुन्या फर्निचरचा दुकानदार माहीत होता. बंद पडलेल्या एका ऑफिसची, नऊ-नऊ खणांची दोन कपाटं मिळाली, ६,५०० रुपयांना एक. बिजागऱ्या शाबूत, गंज थोडा. टेम्पो ७००, रंग आणि ब्रश ४००. कुलपं अठरा, १२० रुपयांना एक, प्रत्येकाला दोन किल्ल्या. एकूण १६,२६०. उरलेल्यातून कापडी कमरपिशव्या शिवून घेतल्या, गोळ्या आणि कागद अंगावर राहावेत म्हणून.

तिथल्या पाळक साहेबांनी चर्चच्या मागच्या व्हरांड्यात, गल्लीकडे उघडणाऱ्या बाजूला जागा दिली. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी सहा ते नऊ. त्यांच्या मंडळीच्या पोरांनी आळीपाळीने बसायचं ठरवलं. दारू ठेवायची नाही, अन्न ठेवायचं नाही, एवढेच नियम. एक किल्ली माणसाकडे, दुसरी चर्चमध्ये खिळ्यावर.

मुलं रंग देत होती तेव्हा मी ताईंबरोबर महापालिकेच्या एका निवारा केंद्रात गेले. स्वच्छ होतं, पलंग होते, गरम पाणी होतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा निवारा हवा. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी वेगळी योजना झाली. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं होतं, म्हणजे त्या हिशोबाने चोवीस निवारे. त्याच जनगणनेत देशभर १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, आणि ते मोजले एका रात्रीत, २८ फेब्रुवारीला. वडाच्या मागे, हातगाडीच्या खाली झोपलेलं माणूस त्या रात्री दिसलं तर मोजलं जाणार. मी चार रात्री त्यांच्यात फिरले, तरी शेवटच्या रात्री नवे चेहरे दिसतच होते.

मी केंद्रातल्या व्यवस्थापकांना विचारलं, पलंग रिकामे आहेत तर लोक बाहेर का? ते कंटाळले नाहीत, नीट सांगितलं. ठिय्या लांब पडतो. नवराबायको वेगळे झोपवावे लागतात. हातगाडी आत आणता येत नाही आणि बाहेर ठेवली तर जाते, मग माणूस हातगाडीवरच झोपतो. पुन्हा तेच.

तिथे एक तिशीतला माणूस भेटला, खोकत होता. क्षयरोगाचं औषध सुरू झालं होतं, सहा महिन्यांचं. दोन महिने गोळ्या घेतल्या, मग फुटपाथ साफ झाला त्यात पिशवी गेली. पिशवीत गोळ्या, कार्ड, बँकेचं पासबुक. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला महिन्याला मिळणारे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० झाले, पण ते बँक खात्यातच येतात. लाजेने तो पुन्हा औषधाच्या केंद्रावर गेलाच नव्हता. "मॅडम चिल्लाएगी." ताई म्हणाल्या, "मी येते सोबत. चिल्लावली तर मले चिल्लावंल." दुसऱ्या दिवशी मॅडम अजिबात ओरडल्या नाहीत, असं त्याने स्वतः येऊन सांगितलं. त्याला पाच नंबरचा खण दिला.

३१ डिसेंबर

संध्याकाळी सहाला व्हरांड्यातला दिवा लावला. साडेसहापर्यंत कुणी आलं नाही. रंगाचा वास येत होता. आम्ही उगाच कुलपं पुसत होतो.

मग बसस्टँडचे बाबा आले, सिस्टरच्या हाताला धरून. त्यांनी फाईल ठेवली, गोळ्यांची पिशवी ठेवली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. पुन्हा उघडलं, गोळ्या आहेत का बघितलं, पुन्हा लावलं. त्यानंतर एकेक करत आठ जण आले. कुणी काय ठेवलं ते मी बघणार नव्हते, पण ती माणसंच दाखवत होती. एकाची मतदार ओळखपत्राची झेरॉक्स, प्लॅस्टिकमध्ये, त्यावर आणखी प्लॅस्टिक. एकीच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, घडीवर फाटलेला. छातीचा एक्स-रे, गुंडाळून सुतळीने बांधलेला. गवंडीकामाची थापी आणि ओळंबा, कारण स्वतःची थापी असली की मिस्त्रीचा भाव मिळतो, नाहीतर बिगाऱ्याचा. हे त्याने मला समजावून सांगितलं. थापी रोज कंबरेला खोचून झोपायचा.

आठ वाजून गेल्यावर ताईंच्या मागून कापडदुकानाच्या पायरीवरच्या आजी आल्या. गाठोडं दोन्ही हातांनी पोटाशी. खण सात नंबरचा. त्यांनी गाठोडं सोडलं. एक पितळी गडवा, चेपलेला पण घासून लख्ख. दोन लुगडी. एक पातेली. पोराच्या लसीचं कार्ड, त्यावरचं लिखाण पार पुसलेलं. मुलगा कुठे आहे हे मी विचारलं नाही. त्यांनी गडवा खणाच्या अगदी आत सरकवला, त्याच्यापुढे लुगडी, मग पातेली. कुलूप लावलं. किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दाताने घट्ट केली.

मग रिकामे हात बघत उभ्या राहिल्या. इकडे तिकडे पाहिलं.

"आता उशाले काय घेऊ?"

आमच्यातली अकरावीतली मुलगी हॉलमध्ये पळाली आणि तिच्या बॅगेत वरच होती ती शाल आणि स्वेटर घेऊन आली. आजींनी स्वेटरची घडी केली, एकदा, दोनदा, हाताने उंची पाहिली, शालीत गुंडाळली. "होते," म्हणाल्या. मी त्यांना सीताबर्डीपर्यंत पोचवायला गेले. वाटेत त्यांनी मला विचारलं की तुम्ही कोणत्या देवाचे. मी सांगितलं. "मग माह्यासाठी म्हण काही," म्हणाल्या. पायरीवर बसून मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, मराठीत, साधी. शेवटी आमेन म्हटलं. त्यांनी जय हरी म्हटलं आणि डोकं त्या शालीवर ठेवलं.

ते निळं ब्लँकेट त्यांच्याकडे नव्हतं. मी आणखी एक देऊ का विचारलं, आमच्या हातात राहिलेली ती दोन होतीच. त्यांनी घेतलं. सकाळी सात नंबरमध्ये ठेवीन म्हणाल्या.

वर्षअखेरीच्या उपासनेला मी पोचले तेव्हा शेवटचं गीत चालू होतं. बाराला घंटा वाजली. बाहेर सदर भागातल्या रस्त्यावर फटाके.

१ जानेवारी

सकाळच्या गाडीने निघालो. ताईंनी संत्र्यांची एक पेटी दिली आणि सगळ्यांच्या हातावर संत्रा बर्फी. बाबांचं पुढचं ड्रेसिंग उद्या आहे, सिस्टर नेणार आहेत. नगरहून दर महिन्याला कुलपं, गोळ्या आणि रिक्षासाठी थोडे पैसे पाठवायचं आम्ही गाडीतच ठरवलं. किती, ते मंडळीत बोलल्यावर ठरेल. खर्च लिहून वहीत ३८५ रुपये उरले.

भुसावळ गेल्यावर अंधार पडला. साडेनऊला नागपूरच्या पोरांचा मेसेज आला. आज अकरा जण आले. तीन नवे. सात नंबरच्या आजींची किल्ली गाठ सुटून पडली, खिळ्यावरची दिली.

मी वहीत लिहिलं : सात नंबर, दुसरी किल्ली करून घेणे.